एका गाईला किती एकर?

तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. भूमापनाच्या ६६ फुटी साखळीने गुंठा मोजला तर अर्धी साखळी लांब आणि अर्धी साखळी रुंद. हीच साखळी घेऊन अमेरिकन सरकारचे मोजणीदार १७८५च्या जमीन कायद्यानंतर पश्चिमेकडे निघाले. त्यांनी मात्र ऐंशी साखळ्या लांब आणि ऐंशी साखळ्या रुंद, म्हणजे बरोबर एक मैलाचा चौकोन धरला आणि त्याला ‘सेक्शन’ म्हटलं. एका सेक्शनमध्ये ६४० एकर बसतात. आपल्या हिशेबात २५,६०० गुंठे. असे छत्तीस सेक्शन एकत्र केले की एक टाउनशिप, २३,०४० एकरांची. अमेरिकेचा बहुतेक पश्चिम भाग असा चौकोनाला चौकोन लावून कागदावर उतरला आहे.

महाराष्ट्रात २०१५-१६च्या कृषिगणनेत सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली. म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्याने, पुढच्या दुरुस्तीनंतर, कोरडवाहू जमिनीची वरची हद्द घातली ती ५४ एकरांची. त्यापुढची जमीन सरकारजमा. तिकडचा एक साधा सेक्शन या हद्दीच्या जवळजवळ बारापट भरतो, आणि एका सेक्शनच्या मालकाला कोणी मोठा जमीनदार म्हणत नाही.

रँच म्हणजे गुरं पाळायची मोठी जमीन. दक्षिण टेक्ससमधलं किंग रँच १८५३ साली सुरू झालं. आज त्याचं क्षेत्र सुमारे ८,२५,००० एकर आहे. चौरस किलोमीटरमध्ये सांगायचं तर ३,३४०. अख्ख्या गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. गुंठ्यांत बोलायचं तर तीन कोटी तीस लाख गुंठे, आणि महाराष्ट्रातल्या सरासरी शेतकऱ्याच्या जमिनी त्यात मांडत गेलं तर अडीच लाखांच्या जवळ पोचतात. त्याच टेक्सस राज्याला १८८०च्या दशकात ऑस्टिनमध्ये नवं विधानभवन बांधायचं होतं. तिजोरीत रोकड नव्हती, जमीन होती. बांधकामाच्या बदल्यात सरकारने तीस लाख एकर दिले आणि त्यातून एक्सआयटी नावाचं रँच उभं राहिलं. इमारत १८८८ साली पुरी झाली. तिच्या मोबदल्यात गेलेली जमीन आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा मोठी होती. अलीकडचा व्यवहार बघायचा तर उत्तर टेक्ससमधलं वॅगनर रँच २०१४ साली विक्रीला निघालं. पाच लाखांहून जास्त एकर, सगळे एका कुंपणात. मागितलेली किंमत होती ७२ कोटी ५० लाख डॉलर. २०१६ मध्ये ते उद्योगपती स्टॅन क्रोंके यांनी घेतलं.

७२ कोटींचा आकडा डोळ्यांत भरतो, पण त्याला एकरांनी भागलं की एकरी चौदाशे डॉलरच्या आसपास भाव निघतो. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या २०२४च्या आकडेवारीत देशभरच्या कुरणाच्या जमिनीचा सरासरी भाव एकरी १,८३० डॉलर होता. पुण्या-मुंबईच्या आसपास गुंठ्याचे भाव ऐकत वाढलेल्या माणसाला हा आकडा वाचून मोह होणं साहजिक आहे. डेन्व्हर, डॅलस, ह्यूस्टनकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांमध्येही शहराबाहेर ‘थोडी जमीन’ घेण्याचा विषय निघतोच. त्यात आपल्याकडे शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असल्याचा दाखला लागतो. तिकडे तशी अट नाही.

म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं. जमीन तिथे एवढी मोठी आणि एवढी स्वस्त का आहे, याचं उत्तर श्रीमंतीत शोधलं तर फसगत होते. त्या जमिनीचा एकेक एकर फार थोडं देतो, म्हणून तुकडे मोठे आहेत.

अमेरिकेच्या नकाशावर शंभराव्या पश्चिम रेखांशाची एक उभी रेघ कल्पून घ्या. ढोबळमानाने तिच्या पूर्वेला वर्षाला वीस इंचांहून जास्त पाऊस पडतो, पश्चिमेला कमी. वीस इंचांखाली पावसाच्या भरवशावर शेती टिकत नाही. १८६२ साली अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली. १६० एकर घ्या, पाच वर्षं राहून कसा, जमीन तुमची. या योजनेत सरकारने पुढे सुमारे सोळा लाख लोकांना सत्तावीस कोटी एकर दिले. एवढ्या जमिनीत महाराष्ट्र साडेतीन वेळा बसेल. रेघेच्या पूर्वेला १६० एकरांत कुटुंब सुखाने राहत होतं. पश्चिमेला त्याच १६० एकरांत माणसं उपाशी पडत होती.

जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने हे वेळेवर सांगितलं होतं. यादवी युद्धात त्याचा एक हात गेला होता. उरलेल्या एका हातानिशी त्याने कोलोरॅडो नदीची मोहीम पार पाडली, आणि १८७८ साली कोरड्या प्रदेशावरचा अहवाल सरकारला दिला. त्यात त्याने म्हटलं की इथे गुरांवर जगायचं असेल तर एका कुटुंबाला चार सेक्शन, म्हणजे २,५६० एकर द्या, आणि तुकडे चौकोनी पाडू नका, प्रत्येकाला पाणी लागेल असे पाडा. त्याचं ऐकलं गेलं नाही. १९०९ मध्ये हद्द ३२० एकरांवर नेली, १९१६ मध्ये गुरं पाळणाऱ्यांसाठी ६४० वर. त्याच्या आकड्यापर्यंत कायदा कधी पोचलाच नाही. चौकोन तर तसेच राहिले. पॉवेलचा अहवाल हा मला या विषयातला सगळ्यात प्रामाणिक दस्तऐवज वाटतो, कारण त्याने जमीन मोजायच्या आधी पाणी मोजलं.

आता गाईचा हिशेब. वासरू पाजणारी गाय दिवसाला साधारण बारा किलो सुकं गवत खाते. वर्षाचे झाले सुमारे ४,४०० किलो. नेवाडा किंवा पश्चिम टेक्ससच्या रखरखीत कुरणात एकरी वर्षाला दीडशे किलोच्या आतबाहेर चारा उगवतो असं धरू. त्यातला सगळा गाईला देता येत नाही. निम्मा मुळं जगावीत आणि माती धरून राहावी म्हणून उभा ठेवायचा, उरलेल्यातला बराचसा खुरांखाली तुडवला जातो, किडे खातात, ससे-हरणं खातात. कुरण सांभाळणारे लोक एक चतुर्थांशच चारा हिशेबात धरतात. एकरी पस्तीस-सदतीस किलो. भागाकार केला की एका गाईला वर्षभर पोसायला सव्वाशे एकरांच्या जवळपास जमीन लागते. आपल्या कोरडवाहू कमाल मर्यादेच्या दुपटीहून जास्त, एका गाईला!

तीनेकशे गाई असल्या तर फक्त गुरांवर कुटुंब चालतं, असा रँचवाल्यांमधला ढोबळ आडाखा. तीनशे गाई गुणिले सव्वाशे एकर, म्हणजे ३७,५०० एकर, दीडशे चौरस किलोमीटर. म्हणून तिकडच्या जाहिरातीत दोन आकडे असतात आणि ते वेगळे वाचावे लागतात. एक खरेदीखताच्या जमिनीचा, दुसरा सरकारी चराईच्या परवान्याचा. ‘चाळीस हजार एकरांचं रँच’ असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यातले चारच हजार मालकीचे असू शकतात. बाकीची जमीन केंद्र सरकारची, तिच्यावर दहा वर्षांच्या परवान्याने गुरं चारायची. सरकारच्या भूव्यवस्थापन खात्याकडे अशी चराईची जमीन साडेपंधरा कोटी एकर आहे, दोन महाराष्ट्र होतील एवढी. २०१९ ते २०२५ या काळात तिचा दर होता एक गाय आणि तिचं वासरू यांना महिन्याला एक डॉलर पस्तीस सेंट. या दरावर तिकडे कायम वाद असतो. पण ती जमीन तुमची नाही, तिच्यावर घर बांधता येत नाही, दुष्काळ पडला तर खातं गुरं कमी करायला सांगतं, आणि शिकारी, गिर्यारोहक, शेकोटी पेटवणारे सगळे तिच्यावर हक्काने फिरतात. खरेदी करणाऱ्याने हे समजून घ्यायलाच हवं.

कुंपणाचंही असंच. पश्चिमेतल्या अनेक राज्यांत गुरं मोकळी सोडायचा जुना नियम चालतो. शेजाऱ्याच्या गाई तुमच्या अंगणात नको असतील तर कुंपण तुम्ही घालायचं, त्याने नाही. एका सेक्शनला चार मैलांचं कुंपण लागतं. साडेसोळा फुटांवर एक खांब धरला तर मैलाला ३२०, चार मैलांना १,२८० खांब. चार पदरी काटेरी तार म्हणजे सोळा मैल तार. तिचं भेंडोळं येतं ते पाव मैलाचं. म्हणजे चौसष्ट भेंडोळी. एक भेंडोळं साधारण छत्तीस किलोचं, जाड कातडी हातमोजे घातल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. दोन माणसं पहार दोन्ही बाजूंनी धरून, भेंडोळं मधोमध अडकवून, तार सोडत चालत जातात. चौसष्ट भेंडोळ्यांचं वजन सव्वादोन टनांच्या वर. कोपऱ्यांवर तिरके टेकू देऊन दणकट खांब बसवावे लागतात, कारण ताणलेली तार सगळा जोर तिथे काढते. मग फाटकं, ओढ्यावरच्या उचलून घ्यायच्या तारा, आणि दर वसंतात बर्फाने वाकवलेले खांब सरळ करायचं काम, जे कधी संपत नाही. मघाच्या ३७,५०० एकरांचा एकच चौकोन धरला तर बाहेरच्या कुंपणालाच जवळजवळ दोनशे किलोमीटर तार लागेल. पुण्याहून निघालो तर जवळपास नाशिक गाठू एवढी.

तरीही तार विकत मिळते. पाण्याचं तसं नाही.

कोलोरॅडोच्या दक्षिण टोकाला सॅन लुईस खोरं आहे, साडेसात हजार फुटांवरचं भलंमोठं सपाट मैदान. पूर्वेला सांग्रे दे क्रिस्तो पर्वत, त्यात १४,३४५ फूट उंचीचं ब्लांका शिखर. पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला सात इंच, म्हणजे पावणेदोनशे मिलीमीटरच्या आसपास. आपला माणदेश पिढ्यान् पिढ्या दुष्काळी म्हणून ओळखला जातो, तिथे याच्या दुपटीहून अधिक पाऊस पडतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो. गुरांच्या हौदावरचा बर्फ सकाळी कुऱ्हाडीने फोडावा लागतो, संध्याकाळी तो पुन्हा धरलेला असतो.

या खोऱ्यातल्या कॉस्टिला काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) ‘फोर्ब्स’ मासिकाचे मालक माल्कम फोर्ब्स यांनी १९६९ साली लाखभर एकरांहून मोठं रँच घेतलं आणि त्याच्या एका भागाचे तुकडे पाडून जाहिरातीने देशभर विकले. त्या काळात या काउंटीत इतर कंपन्यांनीही हेच केलं. बहुतेक तुकडे पाच-पाच एकरांचे. न्यू यॉर्कमध्ये किंवा फ्लोरिडात बसून हप्त्याने जमीन घेतलेल्या कित्येकांनी ती डोळ्यांनी पाहिलीही नाही. नकाशावर रस्ते आखलेले होते, त्यांना नावंही होती. जागेवर सेजची झुडपं आणि वाळू. २०२०च्या जनगणनेत काउंटीत ३,४९९ माणसं निघाली, सुमारे ३,१८० चौरस किलोमीटरमध्ये. चौरस किलोमीटरला एक माणूस. महाराष्ट्रातला सगळ्यात विरळ वस्तीचा जिल्हा गडचिरोली, तिथे २०११ साली हा आकडा ७४ होता. टेड कोनोव्हर या लेखकाने अशाच एका पाच एकरांच्या तुकड्यावर राहून तिथल्या लोकांवर पुस्तक लिहिलं, ते २०२२ साली आलं. आजही तिथे काही हजार डॉलरमध्ये पाच एकर मिळतात. दोनशे गुंठे, जुन्या मोटारीच्या भावात.

त्या दोनशे गुंठ्यांवर वर्षाला सात इंच पाऊस पडला तर किती पाणी होतं? छत्तीस लाख लिटर. आता त्यातलं किती आपलं? कोलोरॅडोत पाण्याचा हक्क जमिनीबरोबर आपोआप येत नाही. ज्याने आधी पाणी वापरायला घेतलं त्याचा हक्क आधीचा, आणि प्रत्येक हक्काला तारीख असते. तुमच्या छपरावर पडलेला पाऊससुद्धा खालच्या कोणातरी जुन्या हक्कदाराच्या नदीकडे निघालेला आहे असं कायदा मानतो. घराच्या पन्हाळीखाली पिंप ठेवायची सर्वसाधारण परवानगी २०१६ साली मिळाली. दोन पिंपं, दोन्ही मिळून ११० गॅलन, ४१६ लिटर. ज्याला स्वतःची विहीर घ्यायचा हक्क आहे त्याला छपराच्या पाण्याचा वेगळा परवाना मागता येतो, पण ते पाणीही विहिरीला ज्या कामांची मुभा आहे त्याच कामांना वापरायचं.

ही मुभा किती? इथे पस्तीस हा आकडा फार महत्त्वाचा आहे. कोलोरॅडोच्या १९७२च्या कायद्याने पस्तीस एकर किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांना भूखंड पाडण्याच्या नियमांतून सूट दिली. म्हणून तिकडे पस्तीस-पस्तीस एकरांच्या जमिनी ढिगाने दिसतात. त्यांना साधारणपणे अशी बोअर मिळते जिच्यावर घर चालतं, गुरं पितात आणि एकरभर बाग भिजते. त्याहून लहान तुकड्याला मिळाली तर बहुधा फक्त घरातल्या वापरापुरती. मोरीत पाणी चालेल, बाहेर नाही. मेथीच्या वाफ्याला घालायचं नाही, घोड्याला पाजायचं नाही. पाच एकरांच्या मालकाने ‘रँच’ म्हणून जे घेतलं त्यावर कायद्याने एक गाय पाण्यावर नेता येत नाही. जाहिरातीत हे कुठे लिहिलेलं असणार?

मग बोअर परवडेपर्यंत पाणी वाहून आणायचं. पिकअप गाडीच्या हौद्यात जाळीच्या चौकटीतली पांढरी प्लास्टिकची टाकी, २७५ गॅलनची. सुमारे हजार लिटर, म्हणजे टनभर वजन. कच्च्या रस्त्यावर ते मागे डुचमळत असतं आणि गाडीला ब्रेक उशिरा लागतो. आपल्या जलजीवन मिशनचा माणशी ५५ लिटरचा निकष धरला तर चार माणसांचं कुटुंब हजार लिटर साडेचार दिवस पुरवतं. सरासरी अमेरिकन माणूस घरात दिवसाला तीनशेहून अधिक लिटर वापरतो, त्या हिशेबाने ते एक दिवसही पुरत नाही. थंडीत नळी गोठते, टाकी गोठते, तोटी फुटते. टँकरची वाट बघितलेल्या आपल्या गावांतल्या बायांना या जगण्यातलं काही समजावून सांगावं लागणार नाही, फक्त तिकडे टँकर आपणच असतो आणि टाकी भरायची जागा कित्येक मैल दूर असते.

मोठ्या रँचवरही शेवटी अडतं ते पाण्यावरच. उन्हाळ्यात एक गाय दिवसाला साठ लिटर पाणी सहज पिते. तीनशे गाईंना अठरा हजार लिटर रोज, म्हणजे आपल्याकडचे दहा हजारी दोन टँकर. पाण्यापासून दोन मैलांच्या पलीकडचं गवत गाय फारसं खायला जात नाही. म्हणजे एखाद्या सेक्शनवर गुडघाभर गवत असलं आणि हौद चार मैलांवर असला, तर त्या ६४० एकरांची किंमत कागदावरच.

वाटेची गोष्ट आणखी अजब आहे. १८६०च्या दशकात खंड ओलांडणारी रेल्वे टाकायला सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस मैलांपर्यंत एक सोडून एक सेक्शन दिले. एक रेल्वेचा, एक सरकारचा. वायोमिंगमध्ये त्या पट्ट्याचा नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. रेल्वेचे चौकोन पुढे खासगी झाले, सरकारचे सरकारचेच राहिले, आणि दोन सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात, एका बिंदूत टेकतात. बिंदूला लांबी-रुंदी नसते. त्यावरून जाणाऱ्या माणसाचे खांदे मात्र शेजारच्या खासगी हवेत जातात. पश्चिमेतल्या राज्यांत अशी कोपऱ्यांमुळे अडकलेली सरकारी जमीन सुमारे ८३ लाख एकर असल्याचं मोजलं गेलं आहे. नऊ गोवे मावतील एवढी जमीन, जनतेच्या मालकीची, आणि आत जायला पाऊलवाटही नाही.

२०२१ साली मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगमध्ये एका कोपऱ्यावर घडीची शिडी उभी केली, ती एका सरकारी चौकोनातून चढून दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरत होती. खासगी मातीला त्यांचा पाय लागला नाही. शेजारच्या रँचच्या मालकाने सत्तर लाख डॉलरहून अधिक नुकसानभरपाईचा दावा लावला. म्हणणं असं, की कोपरा ओलांडता येतो हे मान्य झालं तर माझ्या रँचची किंमतच तेवढ्याने पडेल. फौजदारी खटल्यात ज्युरीने शिकाऱ्यांना सोडलं. दिवाणी दाव्यात मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने १८८५च्या एका कायद्याचा आधार घेऊन त्यांच्याच बाजूने निकाल दिला आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर सुनावणी घ्यायला नकार दिला. मला या खटल्यातला दाव्याचा आकडा सगळ्यात बोलका वाटतो. एवढे डॉलर मालक कशाचे मागत होता? जी जमीन त्याची नव्हतीच, तिच्यात कोणी येऊ शकत नाही या गोष्टीचे.

वहिवाटीचे तंटे आपल्याला नवे नाहीत. पाणंदीवरून, बांधावरून भाऊबंदकी कोर्टात जाते. तिकडे फरक एवढाच की वाट चार हातांची नसते, चौदा मैलांची असते, आणि ती पाच जणांच्या जमिनीतून जाते. रस्ता दिसतो, गाडी जाते, तरी कायद्याने जायचा हक्क नोंदलेला नसेल तर खरेदीनंतर एखाद्या सकाळी फाटकाला कुलूप दिसतं.

जमिनीच्या पोटातलं तर वेगळंच. १९१६च्या ज्या कायद्याने ६४० एकर दिले त्यानेच खालची खनिजं सरकारकडे राखून ठेवली. आज सुमारे पाच कोटी सत्तर लाख एकरांवर वरचा मालक एक आणि खालचं खनिज केंद्र सरकारचं, अशी स्थिती आहे. खाली तेल किंवा वायू असला तर खनिजाचा हक्कदार वरच्या जमिनीतून रस्ता काढू शकतो, यंत्र उभं करू शकतो.

माणसांचं काय? टेक्ससच्या पश्चिमेला लव्हिंग काउंटी आहे, सुमारे १,७५० चौरस किलोमीटरची. दोन मुंबया आणि वर आणखी बरीच जागा. २०२० साली तिथली लोकसंख्या होती ६४. कोलोरॅडोच्या लॅरिमर काउंटीचे आयुक्त जॉन क्लार्क यांनी १९९०च्या दशकात शहरातून खेड्यात जमीन घ्यायला येणाऱ्यांसाठी एक सूचनापत्र लिहिलं. रुग्णवाहिका, पोलीस, आगीचा बंब वेळेत येईल याची हमी नाही. रस्त्यावरचा बर्फ काउंटी काढेलच असं नाही. शेजारी रात्री नांगरेल, शेणाचा वास येईल. पश्चिमेतल्या अनेक काउंटींनी ते थोडं बदलून आपलंसं केलं. कोणत्याही दलालाच्या माहितीपत्रकापेक्षा ते आधी वाचावं असं मी म्हणेन. बंबावर असतात ते बहुतेक गावचेच स्वयंसेवक, आपापली कामं टाकून आलेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेक्ससच्या उत्तरेला स्मोकहाउस क्रीकची आग लागली. एका कुजलेल्या विजेच्या खांबाने सुरुवात केली. तीन आठवडे लागले विझायला, तोवर साडेदहा लाख एकर जळले होते. गोव्याहून मोठा प्रदेश. दोन माणसं गेली, सात हजारांहून अधिक गुरं गेली. ज्यांची गुरं वाचली त्यांचं गवत आणि कुंपण गेलं होतं, आणि कुंपणाचा हिशेब वर दिलाच आहे.

हे सगळं वाचून तिकडे माणसाने राहूच नये असं वाटू शकतं, आणि ते खरं नाही. त्याच कॉस्टिला काउंटीत सॅन लुईस नावाचं गाव आहे, १८५१ साली वसलेलं, कोलोरॅडोतलं सर्वात जुनं. न्यू मेक्सिकोकडून आलेल्या स्पॅनिशभाषक शेतकऱ्यांनी जमिनीचे चौकोन पाडले नाहीत. नदीपासून डोंगरापर्यंत जाणाऱ्या अरुंद, लांबच लांब पट्ट्या पाडल्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं पाणी, थोडी बागायत, थोडं कुरण आलं. डोंगरातलं लाकूड आणि चराई सगळ्यांची. पाण्यासाठी सगळ्यांनी मिळून चारी खणली. चारीला ते असेकिया म्हणतात, पाणी वाटणाऱ्या माणसाला मायोर्दोमो. धुळ्याकडे पांझरेवरची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रीत लगेच ओळखीची वाटेल: पाटकरी ठरवेल त्या पाळीने पाणी, आणि पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस. पॉवेलने १८७८ साली सरकारला जे करायला सांगितलं ते या लोकांनी त्याच्या पंचवीस वर्षं आधी करून ठेवलं होतं. डोंगरावरचा त्यांचा हक्क १९६०च्या दशकात एका नव्या मालकाने कुंपण घालून तोडला. त्यांच्या वारसांनी दशकानुदशकं खटला लढवला आणि २००२ साली कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने चराईचा आणि लाकडाचा हक्क त्यांना परत दिला.

गावच्या त्या चारीच्या पाणीहक्कावर तारीख आहे १० एप्रिल १८५२. कोलोरॅडोत सलग वापरात असलेला याहून जुना हक्क नाही. कोरड्या वर्षी खोऱ्यातल्या ओढ्याचं पाणी तारखेच्या क्रमाने वाटलं जातं, तेव्हा पहिला नंबर या चारीचा लागतो आणि तिच्यावरच्या पट्ट्या भिजतात. तिथून थोड्याच मैलांवर, फोर्ब्सच्या आणि इतरांच्या आखणीतले पाच-पाच एकरांचे हजारो चौकोन अजून रिकामे आहेत. त्यांतला एखादा घ्यायचा विचार असेल तर काउंटीच्या कचेरीत एकरांच्या आधी बोअरच्या परवान्याची चौकशी करावी, त्यावर कोणता वापर लिहिला आहे ते वाचावं, आणि रस्त्याची नोंद कोणाच्या नावे आहे ते विचारावं.